हँडब्रेकच्या जागी

मास्तरांनी आयुष्यात गाड्या चालवल्या कमी आणि थांबवल्या जास्त. ड्रायव्हिंग स्कूलचा धंदाच तसा. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या बाजूला बसवून घेतलेल्या जादा ब्रेकवर पाय तयार ठेवायचा, मधल्या हँडब्रेकवर हात ठेवायचा आणि तोंड मोकळं सोडायचं. "हळू! अरे हळू! तो खांब आहे, तो बाजूला होणार नाही!" मास्तर कुठल्या रस्त्याला आहेत हे दोन गल्ल्या पलीकडे ऐकू यायचं.

विद्यार्थ्यांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, चुका राहत. एकाला ते 'भिंत' म्हणत, एकीला 'आरसा'. दवाखान्यात गेले की रक्तदाब तपासणाऱ्या, कधीकाळी त्यांच्याचकडे गाडी शिकलेल्या डॉक्टरांना भर पेशंटांसमोर विचारत, "काय दुभाजक, वर गेलाय का माझा?" आणि डॉक्टर दंडाचा पट्टा जरा जास्तच आवळत.

स्कूलचं बाकी सगळं मास्तरीणबाई बघत. वेळा लावणं, फोन घेणं, परीक्षेच्या तारखा मिळवणं, आणि गाडीतून डोळे पुसत उतरलेल्यांना चहा पाजून उद्या पुन्हा यायला राजी करणं. त्या स्वतः नवऱ्याकडूनच गाडी शिकल्या होत्या आणि तरीही संसार टिकला होता. जुनी माणसं अजूनही हे अपूर्वाईनं सांगत. खरी गोष्ट अशी की शिकताना बाई कानात कापूस घालत. मास्तरांना ते आजतागायत कळलेलं नव्हतं.

अलीकडे चहा पिणारेसुद्धा कमी झाले होते. समोरच्या चौकात नवं स्कूल निघालं होतं. तिथला शिकवणारा म्हणे "प्लीज ब्रेक दाबता का?" असं विचारतो. बाईंना आकडा न मोजताही कळत होतं की आपल्या बाकावर माणसं बसेनाशी झाली आहेत. पण मास्तरांना सांगणार कोण? पालथ्या घड्यावर पाणी. घडा निदान उलट ओरडत तरी नाही.

त्यातच गाडीनं मान टाकली. स्कूलची ती छोटी हॅचबॅक फार वर्षांपूर्वी घेतलेली. अशी गाडी तेव्हा शहरात मोजक्यांकडेच होती, आणि 'प्रीमियम' हा शब्द साबणाच्या वेष्टनावर सोडून कुठे दिसत नव्हता. शेकडो पाय तिच्या क्लचवर नाचून गेले. आता तिचा तळ इतका गंजला होता की शिकणाऱ्याला पेडलच्या शेजारून खालचा रस्ता दिसायचा. गॅरेजवाला म्हणाला, "बाई, यापुढे ही चालवायची नाही. हिच्याबरोबर चालायचं."

त्याच सुमाराला त्याच गाडीची नव्यानं घडवलेली आवृत्ती बाजारात आली होती. बाईंनी शोरूमला फोन करून टेस्ट ड्राइव्ह ठरवली.

"मला तीच गाडी हवी," मास्तर म्हणाले.

"तीच आहे. नवी."

"नवी म्हणजे मग ती कशी?"

"चला बघायला. बूट पुसा आधी."

शोरूमची फरशी इतकी गुळगुळीत होती की मास्तर बर्फावरून चालावं तसे पावलं जपत आत गेले. गाडी मधोमध उभी होती, पिकलेल्या टोमॅटोच्या रंगाची. मास्तरांनी हात पाठीमागे बांधले आणि तिच्याभोवती एक गोल फेरी मारली.

"नाक बसवलंय हिचं."

"चांगलं दिसतंय की."

"डोळे बारीक केलेत. संशय घेतल्यासारखी बघते. आणि मागून बघ –"

"अहो, मागून काही बोलू नका. माणसं आहेत," बाई हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात गडद निळा कोट घातलेली, पस्तिशी ओलांडलेली एक बाई हातात कागदी कप घेऊन त्यांच्याकडे हसत आली आणि चार पावलांवर येऊन थबकली. हसू तसंच राहिलं, पण आतून कुणीतरी दिवा काढून घ्यावा तसं. मास्तरांनी डोळे किलकिले केले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"गचका!"

सगळं शोरूम वळून बघायला लागलं.

"हो, मास्तर," ती म्हणाली. "मीच."

बाईंनाही ती आठवली. क्लच सोडला की हिच्याखालची गाडी बेडकासारखी उड्या मारायची. परीक्षेत तीनदा नापास झाली आणि मग यायचीच बंद झाली. जाताना ऑफिसात तिनं नेहमीचा चहासुद्धा घेतला नव्हता, हेही बाईंना आठवलं.

"तू इथं गाड्या विकतेस?" मास्तरांनी विचारलं. "आणि चालवून कोण दाखवतं?"

"मीच दाखवते, मास्तर."

मास्तरांनी बायकोकडे अशा नजरेनं पाहिलं की आता घरी जाऊन इच्छापत्र करावं. पण बाई मागचं दार उघडून आत बसल्यासुद्धा.

मागची सीट बाईंना आवडली. जुन्या गाडीत मागं बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे, आणि दिसायची ती पुढच्याची टाळू. इथं सीट जरा उंच होती, समोरचा रस्ता दिसत होता आणि पायही सुटे राहत होते. दार लावलं की 'खाड' असा पत्र्याचा आवाज न होता जाड पुस्तक मिटल्यासारखा 'थप्' आवाज झाला. प्रीमियम म्हणतात ते हेच असावं, असं बाईंनी मनाशी धरलं.

शोरूमच्या फाटकातून गाडी बाहेर काढायची ती त्यांच्याच माणसानं, असा नियम. म्हणून गचका चालवायला बसली आणि मास्तर सवयीनं तिच्या शेजारी. सवयीनंच त्यांचा पाय ब्रेक शोधायला गेला. खाली मऊ गालिचा. त्यांनी हात मध्ये नेला. तिथं हँडब्रेकच्या जागी एक गोल खळगा होता आणि खळग्यात गचकाचा कॉफीचा कप, झाकण लावलेला.

"हँडब्रेक कुठाय?"

"हे बटण, मास्तर." तिनं शर्टाच्या गुंडीएवढं काहीतरी दाखवलं.

"हे ओढू कसं?"

"ओढायचं नाही. नखानं जरासं वर उचलायचं."

"समोरून ट्रक येतोय आणि मी नखानं उचलत बसू?"

"तसं लागतच नाही, मास्तर. बघा तुम्ही."

गाडी निघाली. इंजिन सुरू झालंय की नाही हे बाईंना कळलंच नाही, झाडं मागं सरकायला लागली तेव्हा कळलं. गचका छान चालवत होती. वळणाआधी वेग उतरवत होती, सायकलवाल्याला पुरेशी जागा सोडत होती, आरसे बघत होती. चौक आला, दिवा पिवळा झाला, तिनं पाय ब्रेककडे नेलाच होता, तेवढ्यात मास्तर गरजले, "हळू!"

गाडी धाडकन थांबली. तिघांनीही एकदम समोर मान तुकवली.

गाडी ऑटोमॅटिक होती. तिला क्लचच नव्हता, म्हणजे गचका बसायचं काही कारणच नव्हतं. तरी बसला. मास्तरांचा आवाज पुरला. बाईंनी आरशात बघितलं. गचकाचे कान लाल झाले होते आणि दोन्ही हात स्टिअरिंगला घट्ट चिकटले होते. मघाची ऐटीत गाडी चालवणारी बाई कुठेतरी गेली होती आणि तिच्या जागी ती जुनी, तीनदा नापास झालेली मुलगी येऊन बसली होती.

'असं आहे तर,' बाई मनात म्हणाल्या. इतकी वर्षं त्या ऑफिसात बसून होत्या, आणि मास्तर शेजारी बसून ओरडत असताना मागं बसायचा प्रसंग आज पहिल्यांदा आला होता.

गोदामांच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर गचकानं गाडी बाजूला घेतली. "आता तुम्ही, मास्तर."

मास्तर जरा घुटमळले. त्यांच्या घुटमळण्याचं कारण बाईंना पक्कं ठाऊक होतं. दिवसभर शिकवून आलेल्या माणसाला घरी स्टिअरिंग बघवत नसे. बाहेर जायचं झालं तर चालवत बाई. अख्ख्या शहराला गाडी शिकवलेला माणूस स्वतः चालवायला शेवटचा कधी बसला होता, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण हे शोरूमवालीसमोर कबूल करतील तर ते मास्तर कसले. ते तोऱ्यात उतरले, फेरी मारून पलीकडे गेले आणि चालवायला बसले. गचका त्यांच्या शेजारी येऊन बसली.

सीट पुढं कशी घ्यायची इथूनच प्रश्न सुरू झाला. जुन्या गाडीत खाली एक दांडी होती, ओढली की सीट निसटायची आणि शिकणारा काचेवर जायचा. इथं दाराशी बटणं होती. मास्तरांनी एक दाबलं, पाठ आडवी झाली. दुसरं दाबलं, ते छताकडे निघाले.

"थांबा, मास्तर," गचका शांतपणे म्हणाली. "आपण एक एक करू. आधी पाठ. हं. आता खाली. छान. आता गुडघा बघा, जरा वाकलेला राहतोय ना?"

"मला शिकवतेस?"

"नाही हो. बटणं दाखवते."

मास्तरांनी गाडी पुढं काढली. पन्नासेक पावलं सुरळीत गेली. मग वेग जरा वाढला, मास्तरांना गिअर बदलावासा वाटला आणि जन्मभराच्या इमानदारीनं त्यांचा डावा पाय क्लच दाबायला धावला. क्लच नव्हता. पण ब्रेकचं पेडल चांगलं रुंद होतं, ते सापडलं. पायानं ते जीव खाऊन दाबलं.

बाईंची पर्स पुढच्या सीटच्या पाठीवर आपटून खाली पडली.

"ब्रेक खराब आहे हिचा," मास्तर म्हणाले.

"डावा पाय आला होता, मास्तर. नव्या माणसाचं होतं असं. डाव्या पायाला इथं काही काम नाही."

"माहितेय मला."

पुन्हा निघाले. पुन्हा तेच. जित्याची खोड ती, बुटातून थोडीच जाते. या खेपेला मास्तरांच्या कपाळावर घाम आला. त्यात समोरच्या पडद्यावर वाफाळत्या कपाचं चित्र उमटलं आणि गाडी गोड आवाजात म्हणाली, "आपण थकलेले दिसता. कृपया थोडी विश्रांती घ्या."

"हे काय?"

"वर कॅमेरा आहे," गचका म्हणाली. "चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर लक्ष ठेवतो. तुमच्या पापण्या जरा… खाली असतात ना, तिला वाटलं झोप आलीय."

मास्तरांच्या पापण्या जन्मतःच जड. त्यावरून लग्नात त्यांच्या मेहुण्यानं चेष्टा केली होती आणि मास्तर त्याच्याशी पुढं कित्येक वर्षं बोलले नव्हते. मागं बसलेल्या बाईंनी खिडकीबाहेरच्या गोदामाचा पत्रा लक्षपूर्वक बघायला घेतला, कारण नवऱ्याकडे बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

"मास्तर," गचका म्हणाली, "एक सुचवू? रागावणार नसाल तर."

"काय?"

"डाव्या पायातला बूट काढा आणि मागं मॅडमकडे द्या."

मास्तरांना कुणी असं काही सांगितलं आणि तो माणूस सुखानं घरी गेला, असं आजवर घडलं नव्हतं.

"कशाला?" मास्तरांनी विचारलं. ओरडले नाहीत, विचारलं. बहुतेक दमले होते.

"मला ऑटोमॅटिक शिकताना हेच व्हायचं. बूट काढला की पायाला सारखं कळत राहतं, आपण आज सुट्टीवर आहोत. मग तो आपोआप उठत नाही."

मास्तर वाकले, नाडी सोडली आणि बूट मागं दिला. बाईंनी तो मांडीवर घेतला, जड, गरम, नुकताच पुसलेला.

आणि उपाय लागू पडला. डावा पाय मोज्यात गुपचूप बसून राहिला. मास्तर एकट्या उजव्या पायानं चालवायला लागले. आधी बैलगाडीच्या चालीनं, मग माणसासारखं. गोदामांचा रस्ता संपला, टेकडीचा चढ लागला. जुनी गाडी या चढाला दम्याच्या रुग्णासारखी घरघरायची, मास्तर शिकणाऱ्याला "दुसरा टाक, दुसरा टाक" म्हणून भंडावून सोडायचे. ही काही न बोलता वर गेली. वळणावर जुनी एका अंगाला कलायची, ही रस्त्याला धरून वळली. खड्डा आला. जुन्या गाडीनं त्याची बातमी पाठीच्या प्रत्येक मणक्याला वेगवेगळी दिली असती, हिनं एकदाच 'ढप्' म्हणून विषय मिटवला.

"स्टिअरिंग सावकाशीत हलकं आहे," मास्तर म्हणाले. "एका बोटानं फिरतंय. पण वेग आला की जड होतं. हे बरं केलंय."

"हो ना?" गचका म्हणाली. "मलाही तेच आवडतं."

"कोपऱ्यातला खांब मात्र जाड केलाय. वळताना तिथं एक माणूस लपेल."

"खरंय. तिथं मी जरा पुढं झुकून बघते."

"झुकायलाच पाहिजे," मास्तर म्हणाले. मग थोडं थांबून, "बरोबर करतेस."

बाईंनी मांडीवरचा बूट घट्ट धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मास्तरांच्या तोंडून 'बरोबर करतेस' हे शब्द त्यांनी भाजीच्या बाबतीतसुद्धा ऐकले नव्हते. आरशात त्यांना नवऱ्याच्या चेहऱ्याचा वरचा भाग दिसत होता. जड पापण्या थोड्या वर उचललेल्या, कपाळावरच्या आठ्या सैल. माणूस मजेत होता. गाडी चालवून त्याला मजा येत होती. धंद्याच्या नादात हे कधी नाहीसं झालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

टेकडीवर पोचल्यावर बाई म्हणाल्या, "आता मी."

उतरताना बाई चालवायला, मास्तर शेजारी, गचका मागं. बूट मास्तरांच्या मांडीवर गेला, घालायचा राहिलाच. कॉफीचा कप खळग्यात तसाच होता, कॉफी निवली होती आणि प्यायला कुणाला सवड नव्हती.

बाईंची गाडीशी लगेच गट्टी जमली. मास्तरांनी वाटेत दोनदा "हळू" म्हटलं, बाईंनी दोनदा "बरं" म्हटलं आणि वेग होता तोच ठेवला. खाली बाजारपेठ लागली. दुकानांचा अरुंद रस्ता, दुतर्फा उभ्या गाड्या, मधून माणसं. बाई सावकाश चालल्या होत्या. एवढ्यात टायरवाल्याच्या दुकानातून एक भलामोठा टायर एकटाच घरंगळत निघाला, फुटपाथवरून टुणकन उतरला आणि सरळ त्यांच्या समोर आला.

बाईंचा पाय उचलला जायच्या आत तीन गोष्टी घडल्या. मास्तरांनी "अगं!" म्हणून मोज्यातला पाय गालिच्यावर ताडकन आपटला. त्यांच्या हातानं हँडब्रेक जिथं असायचा तिथं झेप घेऊन गार कॉफीचा कप मुठीत चिरडला. आणि गाडी जागच्या जागी थांबली.

टायर गाडीच्या बसक्या नाकासमोरून आरामात पलीकडे गेला, एका दिव्याच्या खांबाला टेकला आणि आडवा झाला. मागून टायरवाला धावत आला, त्यानं दोन्ही हात जोडले आणि टायरलाच दोन शिव्या दिल्या.

"कुणी दाबला?" मास्तरांनी विचारलं. त्यांच्या बोटांतून कॉफी ठिबकत होती.

"मी नाही," बाई म्हणाल्या. "मी दाबणारच होते."

"गाडीनं दाबला," गचका मागून म्हणाली. "पुढं काही आलं की ती स्वतः थांबते."

मास्तर गालिच्याकडे बघत राहिले. मग मान हलवून म्हणाले, "मीही त्याच क्षणी दाबला. अगदी त्याच क्षणी. उशीर नाही केला हिनं." आवाजात आधी कौतुक होतं. एखादा कसबी माणूस दुसऱ्याचं काम बघतो तसं. पण शब्द संपेपर्यंत चेहरा उतरत गेला. बाईंना तो उतरताना दिसला. मास्तरांनी खिशातून रुमाल काढून एक एक बोट पुसलं आणि कुणालाच उद्देशून नाही असं विचारलं, "मग शेजारी बसून माणसानं करायचं काय?"

बाईंच्या जिभेवर थट्टा आली होती, ती त्यांनी गिळली. ज्या पायानं निम्म्या शहराचे हातपाय शाबूत ठेवले, तो पाय मोज्यात, गालिच्यावर, बिनकामाचा बसला होता.

बोलली ती गचका.

"मास्तर, तुमच्या ब्रेकचा मला कधीच त्रास झाला नाही. उलट तो होता म्हणून मी गाडीत बसायचे. त्रास झाला तो तोंडाचा."

बोलून गेली आणि स्वतःच दचकली. निळ्या कोटाच्या बाह्या ओढत म्हणाली, "माफ करा. गिऱ्हाइकाशी असं बोलत नाहीत."

मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. बाईंनी गाडी पुढं काढली. चौक गेला, दुसरा चौक गेला.

"म्हणजे माझ्या तोंडाला ब्रेक नाही म्हणतेस," मास्तर म्हणाले.

"मी असं नाही म्हटलं."

"मग काय म्हटलंस?"

गचकानं विचार केला. "असंच म्हटलं," ती म्हणाली.

आणि बाईंना हसू फुटलं. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं, पापण्यांचं, बुटाचं, चिरडलेल्या कपाचं, एकदम बाहेर आलं. त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली. मास्तरांनी आधी रागानं बघितलं, मग त्रासिकपणे, मग त्यांच्या नाकातून एक फुर्रकन आवाज आला. मास्तर हसत असले की असाच आवाज येतो, हे फक्त बाईंना ठाऊक होतं.

"आपण थकलेले दिसता," गाडी बाईंना म्हणाली, कारण त्यांचे डोळे हसून मिटले होते. मग तर तिघांचीही मुरकुंडी वळली.

शोरूमला परत आल्यावर मॅनेजर दारातच उभा होता. "कशी वाटली गाडी?"

"फार चांगली," मास्तर म्हणाले. ते काढलेला बूट घालत होते. "शिकलेल्या माणसाला. शिकणाऱ्याला नाही. हिच्यावर शिकलेलं पोर उद्या मित्राची साधी गाडी घेऊन निघेल आणि ती आपोआप थांबायची वाट बघत भिंतीत जाईल. मला क्लच पाहिजे, आणि ओढता येईल असा हँडब्रेक."

मॅनेजरनं सांगायला तोंड उघडलं की अशा गाड्या आता येत नाहीत. त्याआधीच गचका म्हणाली, "मागच्या आवारात चला."

मागच्या आवारात रांगेनं गाड्या उभ्या होत्या. नवी आली तशी लोकांनी जुन्या आणून दिल्या होत्या. त्यांतली एक, नाक न बसवलेली, डोळे मोठे असलेली, कुण्या निवृत्त बाईंनी आठवड्यातून एकदा वापरलेली. मास्तर आत बसले, क्लच दाबून बघितला आणि हँडब्रेक ओढला. कर्रर्र. त्यांनी तो सोडला आणि पुन्हा ओढला. कर्रर्र. भुकेल्या माणसासमोर ताट यावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"हीच," ते म्हणाले.

मॅनेजरनं गचकाकडे असं बघितलं की उद्या सकाळी बोलू. ती नजर बाईंनी टिपली. खरं म्हणजे त्यांचा विचार टेकडी उतरतानाच पक्का झाला होता. त्यांनी गचकाला जरा बाजूला घेतलं.

"आमच्याकडे येतेस का? शिकवायला."

"मी?" गचका मागं सरली. "मॅडम, मी तीनदा नापास झालेय."

"म्हणूनच तर. कुठं कुठं चुकतं ते तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मग पास कशी झालीस?"

"मावसभावाच्या गाडीवर शिकले. तो मुका आहे." मग घाईनं म्हणाली, "चांगला शिकवतो हो."

मास्तर गाडीतून उतरून आले होते. "काय चाललंय?"

"हिला आपल्याकडे घेतेय."

"गचका? शिकवणार?"

"अहो, तुमचा बूट काढायला लावला तिनं. मला इतक्या वर्षांत तुमचे बूट दाराबाहेर काढायला लावता आले नाहीत."

मास्तर वाकून बुटाची नाडी घट्ट करायला लागले. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तुम्ही गाडी न्यायला आलात की माणूस?"

"दोन्ही," बाई म्हणाल्या. "कागदांवर कुठं सही करायची?"

गचकानं लगेच होकार दिला नाही. घरी विचारलं, नवऱ्यानं 'वेडी आहेस का' म्हटलं, सासूबाईंनी 'जा' म्हटलं. मग शिकवण्याचा परवाना काढायचा होता. त्याच्या परीक्षेची तयारी मास्तरांनी करून घेतली, कारण नियम त्यांना तोंडपाठ होते. ती तयारी बाईंनी ऑफिसातच, आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यायला लावली. मास्तरांचा आवाज चढला की बाई टेबलावरची घंटी वाजवत. पहिल्या आठवड्यात घंटीचा खिळा सैल झाला. पुढं पुढं मास्तर घंटीकडे आधीच बघायला शिकले. एक दिवस मोठ्यानं बोलता बोलता त्यांनी स्वतःच ती वाजवली आणि पाणी प्यायला उठून गेले. गचका पहिल्या झटक्यात पास झाली. निकाल घेऊन आली तेव्हा ऑफिसात बसून दोन कप चहा प्यायली.

तिचा पहिला विद्यार्थी एक शिंपी होता, साठीला टेकलेला, मुलीकडे गाडीनं जायचं म्हणून हट्टानं शिकायला आलेला. पहिल्याच सकाळी गाडी गल्लीतून निघाली ती ठेचकाळत, थांबत, पुन्हा ठेचकाळत. मास्तर फाटकात उभे होते. त्यांची मान गाडीच्या प्रत्येक धक्क्याबरोबर पुढं जात होती. बाई येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"क्लच लवकर सोडतोय," मास्तर पुटपुटले.

"तिला दिसतंय."

"खांद्यात ताठ झालाय."

"तेही दिसतंय तिला."

गाडी गल्लीच्या टोकाला थांबली. बराच वेळ थांबली. आत दोन डोकी दिसत होती, शिंपी काहीतरी हातवारे करून सांगत होता आणि गचका ऐकत होती. मग गाडी हलली, एकदाही न ठेचकाळता, आणि वळणावरून दिसेनाशी झाली. मास्तरांनी सुस्कारा सोडला. तो समाधानाचा होता की कसला, हे बाईंनी विचारलं नाही.

आत फोन वाजत होता. बाई निघाल्या, पण मास्तरांनी त्यांना हातानं थांबवलं आणि स्वतः जाऊन उचलला.

"हो, ड्रायव्हिंग स्कूल. मास्तर बोलतोय… हो, नव्या बाई आहेत ना शिकवायला… शांत आहेत, फार शांत… नाही, मीही शिकवतो… मी? छे छे, ओरडत नाही." त्यांनी दाराकडे बघितलं. बाई तिथं उभ्या होत्या. मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे पूर्वीइतका नाही."